'वेलकम बॅक': माणसं तीच, तारे दुप्पट, मग हसू निम्मं का?

पडद्यामागचा
गेल्या रविवारी मावशीचं अख्खं घर आमच्याकडे जेवायला होतं. आमरस-पुरी झाल्यावर सगळे हॉलमध्ये आडवे झाले आणि टीव्हीवर 'वेलकम' हा हिंदी विनोदी सिनेमा लागला. बारा वर्षांच्या भाच्यापासून ऐंशीच्या आजीपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही. आजीला हिंदी निम्मंच कळतं, पण उदय शेट्टीचा पारा चढायला लागला की सगळ्यांच्या आधी तीच "कंट्रोल, कंट्रोल" म्हणायची. सगळे इतके रंगले की चहा झाल्यावर मी हौसेने 'वेलकम बॅक' लावला. अर्ध्या तासात भाचा मोबाइलमध्ये, काका गॅलरीत आणि आजीचा डोळा लागलेला. शेवटपर्यंत मी आणि मावसभाऊ दोघेच उरलो.

तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. पहिला भाग २१ डिसेंबर २००७ चा, दुसरा ४ सप्टेंबर २०१५ चा. दोन्हींचा दिग्दर्शक अनीस बज्मी, दोन्हींचा निर्माता फिरोज नाडियादवाला. दोन गुंडांपैकी उदय म्हणजे नाना पाटेकर, मजनू म्हणजे अनिल कपूर, डॉक्टर घुंगरू म्हणजे परेश रावल, हे तिघे दोन्हीकडे. दुसऱ्यात वर नसीरुद्दीन शाह, डिंपल कपाडिया, जॉन अब्राहम, श्रुती हासन. नानांचे तर दोन रोल, कारण उदयचा बापही तेच. पैसा ओतलेला दिसतो. मग सांडलं कुठे?

माझा अंदाज सांगतो. ताऱ्यांची गर्दी झाली. प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं वाटून दिली आणि गोष्टीला उभं राहायला जागा उरली नाही. तुम्हाला काय वाटतं?

सुमेधा_डोंबिवली
मी दोन्ही भाग कितीही वेळा बघू शकते. उदय-मजनू एका चौकटीत आले की माझं काम झालं.

जुनी_खुर्ची
अंदाज मान्य. लग्नाच्या पंगतीत वाढपी जास्त झाले की भात दोनदा येतो आणि वरण येतच नाही, तसं झालंय.

तिसरी_घंटा
मी वीस वर्षं हौशी नाटकं बसवतो, त्या नजरेने लिहितो. गर्दीचा मुद्दा मला पटत नाही. पहिल्या भागात माणसं कमी होती का? अक्षय, कतरिना, नाना, अनिल, परेश रावल, मल्लिका शेरावत, फिरोज खान, शिवाय विजय राजसारखा नट छोट्या भूमिकेत. तरी कुणाचा पाय कुणात अडकला नाही.

फरक घाबरण्याचा आहे. पहिल्या भागातला राजीव (अक्षय) हा साधा लिलाव पुकारणारा माणूस. त्याचा मामा घुंगरू हा त्याहून साधा. या दोघांना गुंडांच्या घरात सोयरीक जुळवायची वेळ येते आणि आपण त्यांच्या डोळ्यांनी उदय-मजनूकडे बघतो. उदयचा राग आपल्याला हसवतो, कारण समोर घुंगरू पाणी-पाणी झालेला असतो. पुढे तेच उदय-मजनू त्यांच्याही वरच्या दादासमोर, आरडीएक्ससमोर (फिरोज खान), शाळकरी पोरांसारखे उभे राहतात. म्हणजे भीतीची उतरंड आहे: घुंगरू उदयला घाबरतो, उदय आरडीएक्सला घाबरतो. प्रत्येक विनोद त्या उतरंडीच्या एखाद्या पायरीवर बसलेला आहे.

आता दुसरा भाग घ्या. नायक अज्जूभाई (जॉन) हा स्वतःच मुंबईचा गुंड. ज्याला हे दोघे घाबरतील असं काही उरलं नाही आणि या दोघांना घाबरेल असा नायकही उरला नाही. सगळेच दादा. एका रंगमंचावर चार राजे उभे केले आणि एकही भालदार ठेवला नाही, तर ते राजे आहेत हे प्रेक्षकाला कळणार कसं?

सुमेधा_डोंबिवली
घंटाकाका, हे वाचून अंगावर काटा आला. मी आजवर फक्त हसले होते, असा विचारच केला नव्हता.

कोकणचा_गडी
थोडा विरोध नोंदवतो. घुंगरू दुसऱ्या भागात आहेच की! आणि त्याची अवस्था आणखी बिकट आहे. आपल्या बायकोला लग्नाआधीचा एक मुलगा आहे हे त्याला इतक्या वर्षांनी कळतं आणि तो मुलगा निघतो अज्जूभाई. परेश रावल यांचा तिथला चेहरा बघा. घाबरणं, राग, लाज हे सगळं एकाच वेळी. त्या एका प्रसंगासाठी मी या भागाला पास करतो.

शिवाय मी तो थिएटरात पाहिलाय, गोकुळाष्टमीच्या त्या शनिवार-रविवारी. आमच्या तालुक्याच्या गावातलं एकपडदा थिएटर. हंडीच्या सरावातून थेट आलेली पोरं, टी-शर्ट ओलेचिंब. नानांची एन्ट्री झाली आणि पोरांनी चक्क तीन थर लावले, पडद्यासमोर! मॅनेजर धावत आला आणि वरच्या पोराला खाली उतरवताना स्वतःच हसायला लागला. मुरूडचा माणूस पडद्यावर आला की आमच्याकडे असंच होतं. घरी टीव्हीवर बघून अशा सिनेमाचा निकाल लावू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

पडद्यामागचा
कोकणचा गडी, थिएटरचा मुद्दा मान्य. पण पहिला भाग मीही टीव्हीवरच पाहिला ना? तो तर टीव्हीवरही टिकला.

आणि घुंगरूच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, पण तो आपल्या सावत्र मुलाच्या प्रकरणात अडकून पडतो. उदय-मजनूसमोर थरथरायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही.

रीळवाला
संकलनाचं काम करतो (मराठी मालिका, काही लघुपट), म्हणून अ‍ॅक्शनबद्दल लिहितो. त्यावर कुणीच बोललेलं नाही.

पहिल्याचा शेवट आठवा. कड्याच्या टोकावर लोंबकळणारं घर आणि आत सगळी पात्रं. ही कल्पना खूप जुनी आहे. चॅप्लिनने १९२५ मध्ये 'द गोल्ड रश'मध्ये बर्फाळ कड्यावर कलंडणारं लाकडी खोपटं दाखवलं होतं. शंभर वर्षं झाली तरी ती चालते, कारण तिचा नियम लहान मुलालाही सांगावा लागत नाही. इकडचा माणूस तिकडे सरकला की घर कलंडणार. म्हणजे कुणी साधं शिंकलं तरी ती अ‍ॅक्शन झाली. एक गोळी न झाडता श्वास रोखला जातो. आणि त्या घरात कोण कुणाला वाचवतो यावरच पुढची सोयरीक ठरणार असते. तिथे मारामारी आणि विनोद वेगळे काढता येत नाहीत.

दुसऱ्याचा शेवट वाळवंटात. हेलिकॉप्टरं, उंट, धूळ, पळापळ. दृश्यं मोठी आहेत, पण नियम कुठलाय? कुणी कुठे गेलं तर काय होईल हे प्रेक्षकाला माहीत नसतं. मग मी टेबलावर बसून कितीही वेगात कापलं तरी धडधड वाढत नाही. अ‍ॅक्शन-विनोदाच्या सिनेमात जागा लहान हवी. खोली, लिफ्ट, कलंडणारं घर. वाळवंटात माणूस पळाला तर पळाला, अडकत नाही. आणि अडकल्याशिवाय हसू येत नाही.

जुनी_खुर्ची
रीळवाला, हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय.

वाळूतला_पुणेकर
तेरा वर्षं अबू धाबीत आहे, म्हणून वाळवंटाबद्दल थोडं. या सिनेमाचं बरंचसं काम इथे आणि दुबईत झालं. अबू धाबीत चित्रीकरण करणाऱ्यांना इथे केलेल्या खर्चाचे ३० टक्के परत देण्याची योजना तेव्हा होती. त्याच सुमारास परदेशी मोठे सिनेमेही इथल्या वाळूत चित्रित झाले. निर्मात्याला अशी सवलत मिळाली तर तो येणारच, त्यात गैर काही नाही.

पण मग ठिकाण मन भरेपर्यंत दाखवायचा मोह होतो. एमिरेट्स पॅलेस दिसतं. ते २००५ ला उघडलेलं, घुमटांचं, समुद्राकाठचं अवाढव्य हॉटेल. आम्ही पाहुण्यांना तिथे नेऊन सोन्याचा वर्ख घातलेली कॉफी पाजतो. सिनेमात ते बघताना मला आनंद झाला, माझं रोजचं गाव पडद्यावर आलं. बायकोने फोन करून सासूबाईंना सांगितलं, "आई, बघा, आमच्या घराजवळचा रस्ता!" पण पुण्याला बसलेल्या सासूबाईंना त्या रस्त्याचं काय कौतुक? पहिल्या भागातही दुबई होती, पण ती गोष्टीच्या मागे मुकाट उभी होती.

रीळवाला, लहान जागेचा मुद्दा शंभर टक्के पटला. मी स्वतः लिवाच्या वाळूत गाडी रुतवून तीन तास बसलोय. तिथे माणूस घाबरतो ते शांततेला. सिनेमात मात्र वाळवंटात एवढा आवाज की वाळवंट जाणवतच नाही.

सुमेधा_डोंबिवली
मजनूच्या चित्राबद्दल कुणीच कसं बोललं नाही? घोड्याच्या पाठीवर उभं गाढव! आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याच्या निरोपाला आम्ही ते मोठं छापून, चौकट करून दिलं. त्याने ते घरी दिवाणखान्यात लावलंय आणि त्याची चार वर्षांची मुलगी आल्या-गेल्याला सांगते, "गाढव दमलंय म्हणून घोड्याने पाठीवर घेतलंय." मला तर हा अर्थ सगळ्यात सुंदर वाटतो.

तिसरी_घंटा
सुमेधाताई, त्या चित्रातच पहिल्या भागाची गुरुकिल्ली आहे. मजनू ते चित्र अतिशय मन लावून काढतो. उदयलाही नट व्हायचंय ते अगदी आतून. राजीव त्यांची ही हौस ओळखतो आणि तिला वाट करून देतो, म्हणजे त्यांनी दादागिरी सोडावी. दोन आडदांड माणसांच्या पोटातली कोवळी इच्छा. आपण त्यांना हसतो आणि मनातून म्हणतो, मिळू दे रे यांना. दुसऱ्या भागात त्यांच्या मनात काय आहे? लग्न करायचंय. दोघांनाही एकाच मुलीशी, आणि ती आहे भामटी. ही इच्छा वरवरची आहे. तिच्यासाठी जीव तुटत नाही.

परिंदाप्रेमी
तुम्ही सगळे २००७ पासून सुरुवात करताय, मी १९८९ ला नेतो. 'परिंदा' आठवतो? नानांचा अण्णा आणि अनिल कपूरचा करण. अण्णा करणला आणि त्याच्या नवविवाहित बायकोला गोळ्या घालतो, त्या रात्रीचं दृश्य माझ्या डोळ्यांपुढून आजही जात नाही. त्या भूमिकेसाठी नानांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

आता विचार करा. ज्याने ज्याला पडद्यावर मारलं, ते दोघे अठरा वर्षांनी गळ्यात गळा घालून गुंडांची चेष्टा करतात. उदयच्या रागात अण्णाचाच राग आहे, तेच मानेला झटके, तीच नजर. फक्त आता तो राग मध्येच अडवला जातो. "कंट्रोल" या शब्दावर आपण हसतो, कारण तो राग सुटला तर काय होतं हे आपल्या पिढीने पाहिलंय. दुसऱ्या भागात उदय सभ्य व्यावसायिक झालाय, राग जवळजवळ गेलाय. म्हणजे झाकण आहे, पण खाली वाफच नाही.

कोकणचा_गडी
बाप रे! हे मला कधी सुचलंच नसतं. आज रात्री दोन्ही बघतो.

एक गोष्ट तुमच्या मुद्द्याला जोडतो. दुसऱ्या भागाची मूळ कल्पना मला पहिल्याहून भारी वाटते. सभ्य झालेल्या दोन गुंडांना जग पुन्हा गुंड व्हायला भाग पाडतंय, आणि त्यांना तसं व्हायचं नाहीये. वाफ इथेच होती ना? राग दाबून नमस्कार करणारा उदय अख्खा सिनेमा ओढून नेईल. लिहिणाऱ्यांनी हे सुरुवातीला मांडलं आणि मग अज्जू, नसीरुद्दीन शाहांचा वॉन्टेड भाई, डिंपलची महाराणी यांच्या मागे धावत गेले.

झिपरी
मी वेगळ्याच बाजूने बोलते. दोन्ही भागांत बहिणीचं लग्न हेच इंजिन आहे. पहिल्यात कतरिना, दुसऱ्यात श्रुती. बापाने आणखी एक बहीण आणून उभी केली की झाला दुसरा भाग! मुलीला स्वतःला काय हवंय हे दोन्हीकडे फारसं कुणी विचारत नाही.

आणि मला मनापासून वाईट वाटतं ते डिंपल कपाडियांचं. 'रुदाली'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली नटी. इथे ती खोटी महाराणी आहे, दोन्ही दादांना बोटावर नाचवणारी. तिसरी_घंटा यांच्या उतरंडीत ती सगळ्यात वर बसायला हवी होती! जिला कुणाचीच भीती नाही आणि जिला हे दोघे घाबरतात, अशी बाई. आरडीएक्सची जागा तिला दिली असती तर हा भाग पहिल्याच्या पुढे गेला असता, असं मी ठामपणे म्हणते. त्याऐवजी तिला साड्या आणि दागिने दिले.

तिसरी_घंटा
झिपरीताई, साष्टांग नमस्कार. मी लिहिलेली उतरंड तुम्ही पूर्ण केलीत.

रीळवाला
+१. आणि अशा पात्राला हेलिकॉप्टर लागत नाही. एक दिवाणखाना आणि एक चहाचा कप पुरतो.

परिंदाप्रेमी
फिरोज खान यांच्याबद्दलही लिहायला हवं. 'वेलकम' हा त्यांचा शेवटचा सिनेमा, २७ एप्रिल २००९ ला ते गेले. आरडीएक्समध्ये त्यांनी विनोद असा केलाच नाही. ते पूर्ण रुबाबात, पूर्ण गांभीर्याने बोलले आणि म्हणून बाकीचे हसवू शकले. नसीरुद्दीन शाह किती मोठे नट हे मी सांगायला नको, पण त्यांचा वॉन्टेड भाई आंधळा आहे आणि तोही गंमत करतो. ज्याला घाबरायचं तोच गंमत करायला लागला तर इतरांनी करायचं काय?

जुनी_खुर्ची
विषय थोडा आपल्याकडे आणतो. 'झपाटलेला' १९९३ चा आणि त्याचा दुसरा भाग २०१३ चा, थ्रीडीमध्ये. मधल्या काळात लक्ष्या गेला, २००४ ला. मी मुलाला घेऊन हौसेने गेलो. तात्या विंचू होता, चष्मे होते, अंगावर येणाऱ्या वस्तू होत्या. मुलगा खूश. मी मात्र अख्खा वेळ एका माणसाला शोधत होतो. बाहुलीला लक्ष्या घाबरायचा तसं कुणीच घाबरत नाही! हा धागा वाचताना कळलं की मी तेव्हा काय शोधत होतो.

सुमेधा_डोंबिवली
खुर्चीकाका, डोळ्यांत पाणी आणलंत. लक्ष्याचं ते अंग चोरून मागे सरकणं...

कोकणचा_गडी
लक्ष्या असता तर मराठी घुंगरू तोच.

वाळूतला_पुणेकर
तिसऱ्या भागाचं काय? २०२३ मध्ये घोषणा झाली तेव्हा दोन डझनांच्या आसपास कलाकार एका रांगेत उभे दाखवले होते. अक्षय कुमार परत आला, पण उदय आणि मजनू त्यात नाहीत. मला ते बघून एकदम पोरकं वाटलं. वेलकम म्हणायला घरात यजमानच नाहीत.

झिपरी
त्यावर इथे नको, वेगळा धागा काढू. माझं त्यावर खूप म्हणणं आहे.

पडद्यामागचा
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझा गर्दीचा अंदाज मी मागे घेतो. गर्दी आहेच, पण दुखणं ते नाही, हे तिसरी_घंटा, रीळवाला आणि झिपरीताईंनी पटवलं.

काल रात्री आजीला घेऊन 'वेलकम बॅक' पुन्हा लावला, या वेळी फक्त नाना आणि अनिलचे एकत्र प्रसंग. तेवढेच ठेवले तर आजी जागी राहते, हा माझा प्रयोग यशस्वी झाला! एका प्रसंगात उदयने मूठ आवळली आणि मजनूने नुसतं त्याच्याकडे बघितलं. शब्द नाही, काही नाही. आजी लगेच म्हणाली, "बघ, दुसऱ्याने ओळखलंय." मग माझा हात धरून विचारलं, "हे दोघे सख्खे भाऊ का रे?"

मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही. आज सकाळी पोहे देताना तिने मावशीला फोनवर सांगितलं, "त्या दोन भावांचा सिनेमा पुन्हा लावणारेत, शनिवारी ये."

तिसरी_घंटा
आजींना माझा नमस्कार सांगा. आणि शनिवारी पहिल्यातलं कड्यावरचं घरही दाखवा. ते चालू असताना पडद्याकडे बघू नका, आजींकडे बघा आणि त्या कुठल्या बाजूला झुकतात ते इथे येऊन लिहा.